आतून कडी असलेली केबिन

४ जानेवारी

धाकटे,

टक. टक. टक. मग जरा थांबून, आणखी एक टक.

ओळखलास का आवाज? बाबांच्या कारखान्यातल्या बर्फाच्या कोठीचा. तू जेमतेम सहा वर्षांची, तुला कुठून आठवणार म्हणा. मी अकराचा होतो. संध्याकाळी शाळांची काव्यवाचनाची स्पर्धा होती आणि दुपारी मी कोठीबाहेरच्या ओट्यावर येरझाऱ्या घालत कविता पाठ करत होतो. आतून बर्फ बोलत होता. बाबा म्हणायचे ना, लादी तडकायच्या आधी बोलते? ती बोलली. माझ्या ओळींच्या मध्ये, बरोबर जागा बघून. इतकं चोख तालाचं भान मला पुढे माणसांतही फारसं दिसलं नाही.

शुभ्र गिरी हा उभा सागरी, मौन जयाचे भंगेना;
हाक कुणीतरि आतुन देते, कान कुणाचा लागेना!

समुद्रात उभ्या असलेल्या बर्फाच्या डोंगरावरची कविता. आता कुठल्या पुस्तकात असली कविता असते? दुसरं बक्षीस मिळालं होतं. कंपासपेटी. त्यातला कर्कटक अजून आहे माझ्याकडे.

आता मुद्द्याचं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. छापखान्यात मशीनच्या शेजारी बसून एकतीस वर्षं शाळेची पुस्तकं तपासली, त्याचा हा हिशेब. उजवा कान गेल्यात जमा. डावा वर्षभर, फार तर दीड. डॉक्टर भले आहेत, हे सगळं त्यांनी ओरडून सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना आधी कळलं, मग मला.

तेव्हा ठरवलं आहे की डावा जायच्या आत तो आवाज एकदा ऐकायचा. कारखान्याच्या जागी फर्निचरचं दुकान झालं. फ्रीजमधला बर्फ बोलत नाही, नुसता पडतो. पण उत्तरेला एक किनारा आहे, जिथे हिमनद्या सरळ समुद्रात उतरतात. जूनमध्ये तिथे जहाज जातं. कड्यासमोर इंजिन बंद करून तासभर उभं राहतं, असं माहितीपत्रकात लिहिलं आहे. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या नऊ चुका काढल्या, पण ही ओळ निर्दोष आहे.

अडचण एकच. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एकट्याला नेत नाहीत. केबिनमध्ये सोबत हवी. तुझी वहिनी असती तर प्रश्नच नव्हता. ती 'नाही' म्हणाली असती आणि विषय संपला असता.

तू चल. फोन करू नकोस, मला नीट ऐकू येत नाही. पत्रच लिही.

तुझा,
दादा


१५ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. मी येणार नाही.

दुकान कोण बघणार? एका बिजागरीसाठी माणसं पाच-पाच मिनिटं भांडतात, त्यांना सून तोंड देऊ शकत नाही, ती लगेच 'सॉरी' म्हणते. शिवाय आपल्या घराने सगळा जन्म बर्फ विकला. आता पदरचे पैसे घालून बर्फ बघायला जायचं, हे बाबांना सांगून बघ कसं वाटतं.

कानाचं वाचून वाईट वाटलं. डाव्या कुशीवर झोपत जाऊ नकोस. त्याचा काही उपयोग आहे की नाही मला माहीत नाही, पण झोपू नकोस.

येणार नाही तरी एक विचारते. त्या केबिनचं दार आत उघडतं की बाहेर? कडी आतून आहे का? की नुसतं कुलूप आणि किल्ली त्यांच्याकडे?

धाकटी


२९ जानेवारी

धाकटे,

तू येणार नाहीस हे वाचलं. पण दाराची चौकशी केलीस, म्हणजे मन हललं आहे, असा मी अर्थ घेतला. मुद्रितशोधकाने ओळी वाचाव्यात, ओळींच्या मधलं वाचू नये, असं आमचे मुख्य म्हणायचे. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

प्रवासाची तिकिटं काढणाऱ्या बाईंकडे गेलो.

"दार कुठल्या बाजूला उघडतं?"

"आजोबा, लोक विचारतात समुद्र दिसतो का."

"समुद्र दिसेलच, जहाज आहे. तुम्ही दाराचं सांगा."

त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. दार आत उघडतं. बाहेरून यायला कार्ड लागतं, आतून नुसती मूठ फिरवायची. "बहिणीचं कड्या-कुलपांचं दुकान आहे," असं मी सांगितलं तेव्हा कुठे त्यांची भीती गेली. तोवर त्यांना मी काहीतरी पळवायला निघालोय असं वाटत होतं. धाकटे, बावन्न वर्षं झाली गल्ल्यावर बसून, आता तरी कड्या डोक्यातून काढ.

थंडीचा कोट शेजारच्या शिंप्याकडे टाकला होता. त्याने थंडी अशी कधी पाहिलेली नाही, पण अंदाजाने शिवतो म्हणाला. अंदाज मोठा निघाला. आत त्याने अख्खी गादी घातली आहे. कोट माझ्याशिवाय उभा राहतो. सध्या तो खिडकीपाशी उभा असतो. येणारा माणूस आधी त्याला नमस्कार करतो.

"हात खाली येत नाहीत," मी शिंप्याला म्हटलं.

"थंडीत हात खाली कशाला पाहिजेत?" तो म्हणाला.

तुझं नाव अर्जावर पेन्सिलीने लिहिलं आहे.

दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

पेन्सिलीने लिहिलंयस तर खोडरबरही असेल. वापर.

वीज गेली तर ती मूठ फिरते का? बाईंना विचार. बाल्कनी असते म्हणे, तिचं दार वेगळं का? म्हणजे एकूण दारं दोन की एक? हे फक्त माहितीसाठी विचारतेय.

सोबतीला तुझ्या शिंप्याला ने. कोट कसा झालाय हे त्यालाही कळेल.

इकडे विशेष काही नाही. आइस्क्रीमच्या कंपनीचा माणूस दुकानात शीतपेटी ठेवा म्हणून आला होता, फुकट ठेवतो म्हणाला. परत पाठवला. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी दवाखाना सहाव्या मजल्यावर हलवलाय. मी जिन्याने जाते. ते म्हणतात, "आजी, लिफ्ट वापरत जा, नाहीतर गुडघे माझ्याकडे येईपर्यंतच संपतील." मी म्हटलं, तुम्ही खाली या.

धाकटी


१ मार्च

धाकटे,

मूठ वीज नसली तरी फिरते. दारं दोन. बाईंनी हे मला एका कागदावर लिहून, सही करून दिलं आहे. आता मी दिसलो की त्या स्वतःच म्हणतात, "विचारा. आज बिजागऱ्या का?"

शीतपेटी परत पाठवलीस हे चांगलं केलंस. तुला लहानपणापासून सर्दीचा त्रास. कारखान्यातही तू कोठीकडे कधी फिरकायची नाहीस. मी आणि बाबा लाद्या मोजायचो आणि तू लांब फाटकापाशी बसायचीस. जिना चढतेस तेही उत्तम, व्यायाम होतो.

मी कानाची तालीम सुरू केली आहे. रोज सकाळी शिंपी पलीकडून भिंतीवर लाकडी पट्टीने वाजवतो. टक टक टक, थांबून टक. मी इकडून डावा कान भिंतीला लावून बसतो. ऐकू आलं की मी परत वाजवायचं. परवा त्याने वाजवलंच नव्हतं आणि मी परत वाजवलं. आम्ही दोघांनी तो विषय काढलेला नाही.

पण तिथे असं फसायला होणार नाही. तिथे खरा बर्फ आहे. कठड्याला रेलून कान पाण्याकडे करायचा आणि थांबायचं. तो आवाज आला, तर समजेन की कान अजून माझा आहे. तासभर थांबून नाही आला, तर समजेन की गेला, आणि निमूट घरी येईन. डॉक्टरांच्या यंत्रापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. सहासष्ट वर्षांत मी कितीतरी आवाज विसरलो. आईची हाक विसरलो, हे लिहायलाही लाज वाटते. पण ती टकटक नाही विसरलो. तेवढीच एक पुंजी आहे.

तुझं नाव आता शाईने लिहिलं आहे.

दादा


१६ मार्च

दादा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून चौथं लिहितेय. बसून वाच.

तो आवाज तुला तिथे ऐकू येणार नाही. कान ठणठणीत असला तरी नाही. तो बर्फाचा नव्हता. ती मी होते.

आईने तुला सांगितलं होतं, हिच्यावर लक्ष ठेव. तू ओट्यावर कविता म्हणत फिरत होतास. मला उकडत होतं. लादीला गाल लावावा म्हणून कोठीत शिरले आणि दार मागून ओढलं जाऊन कडी आपोआप पडली. कडी बाहेरून होती. फक्त बाहेरून. मी हाका मारल्या, पण माझा आवाज तो केवढा, इंजिनाच्या घरघरीत कुठे पोचणार? तुझा मोठा होता. तुझी कविता मला आत शब्द न् शब्द ऐकू येत होती. मग दारावर बोटांच्या पेरांनी वाजवलं. तीनदा वाजवलं की बोटं दुखायची, म्हणून थांबायची, मग आणखी एकदा. ते तुझ्यापर्यंत जात असणार, कारण मी वाजवलं की तू पुढची ओळ जास्त जोरात म्हणायचास.

सगळी कविता सात वेळा म्हटलीस. मी मोजलं. तिसऱ्या खेपेला दुसरं कडवं विसरलास आणि पहिल्यापासून सुरुवात केलीस, ते मी धरलेलं नाही.

इंजिनवाल्या काकांना लादी काढायची होती म्हणून त्यांनी मागच्या बाजूने येऊन दार उघडलं. तू तेव्हा पाणी प्यायला नळावर गेला होतास. काकांनी मला इंजिनाच्या उबेला बसवलं, अंगावर पोतं टाकलं. म्हणाले, "चल, मालकांना सांगू." मी म्हटलं, नको. सांगितलं असतं तर बाबांनी तुला संध्याकाळी स्पर्धेला सोडलं नसतं. मग काकांनी बाबांना, "मीच आत अडकलो होतो," असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी दाराला आतून कडी बसवली. मी शेजारी उभी राहून एकेक स्क्रू त्यांच्या हातात देत होते. माझं दुकान खरं तर त्या दिवशी सुरू झालं, हे लग्न वगैरे नंतरचं.

हे मी कधीच सांगणार नव्हते. पण तू तिथे जाणार, तासभर कान लावणार, तो आवाज येणार नाही, आणि तू कान गेला असं समजून घरी येणार. ते मला चालणार नाही. बर्फ त्याच्या पद्धतीने काय बोलायचं ते बोलेल. ते ऐक.

राग नाही. राग असता तर इतकी वर्षं तुझी पत्रं वाचली नसती. अक्षर बघ तुझं.

आणि दुसरं बक्षीस दिलं हे चुकलं त्यांचं. पहिलं द्यायला हवं होतं. मी ऐकली आहे ना ती कविता.

धाकटी


१० एप्रिल

दादा,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. शिंप्याच्या दुकानात फोन केला. तो म्हणाला, "जेवतात, पण भिंत वाजवू नका म्हणालेत."

एका ओळीचं तरी लिही. चुका असल्या तरी चालतील.

धाकटी


२६ एप्रिल

धाकटे,

तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. मी काही लिहिलं नाही, कारण जे लिहीन ते कवितेसारखं होईल याची भीती वाटत होती.

आमचे मुख्य बरोबर म्हणायचे. मी ओळींच्या मधलं वाचत बसलो आणि ओळी वाचल्याच नाहीत. कडी आतून आहे का? दारं दोन की एक? वीज गेली तर? तू किती सरळ विचारत होतीस. मी तुला सर्दी आहे म्हणून उत्तर दिलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातले सुटलेले अनुस्वार पकडले, त्याचं हे वाचन.

'हाक कुणीतरि आतुन देते.' ही ओळ मी सात वेळा म्हटली. हातवाऱ्यांसह. 'कान कुणाचा लागेना' म्हणताना कानामागे हात धरायचा, असं गुरुजींनी शिकवलं होतं. तोही मी धरत होतो, धाकटे. दाराकडे तोंड करून धरत होतो, कारण दार म्हणजे परीक्षक असं समजायचं, हेही गुरुजींनीच सांगितलं होतं.

सहासष्ट वर्षं मी तो आवाज जपला. लग्नाच्या वेळी, पहिल्या नोकरीच्या दिवशी, तुझी वहिनी गेली त्या दुपारी, जरा शांत वाटावं म्हणून मी डोळे मिटून तोच आवाज आठवायचो. टक टक टक. आणि खरंच शांत वाटायचं. हे तुला सांगायला हवं असं वाटलं, आणि हे सांगायला तोंडही नाही.

प्रवास रद्द करतो आहे. अर्ज उद्या बाईंकडे पोचायला हवा, नंतर घेत नाहीत. सगळा भरला आहे. फक्त 'कारण' असा एक रकाना आहे, दीड इंच लांबीचा. महिनाभर त्यापाशी अडून बसलोय. 'प्रकृती' लिहिलं तर खोटं होतं. खरं लिहायला जागा पुरत नाही. कोट शिंप्याला परत देऊ केला, तर तो म्हणाला, "राहू द्या, घरात माणूस असल्यासारखं वाटतं." आज संध्याकाळी या पत्राबरोबर तो अर्ज

थांब. दारावर वाजतंय. शिंपी असणार, त्याला कोटाची आठवण आली की येतो. मी त्याला सांगितलं होतं की असं वाजवत

शिंपी नाही. तो पट्टीने वाजवतो. ही बोटांची पेरं आहेत. तीन झाली. आता थांबलं आहे

दार उघडून आलो. घाईत लिहितोय, अक्षर आणखी बिघडेल.

तू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आहेस, पिशवी मांडीवर घेऊन. चार मजले चढलीस. दोन दिवस बसमध्ये दाराशेजारच्या सीटवर बसून आलीस म्हणालीस. दुकान कोण बघतंय विचारलं, तर म्हणालीस, "कुलूप लावलंय. चांगल्यातलं." मी विचारलं, "किती वेळा वाजवलंस?"

"एकदाच," तू म्हणालीस. "सात वेळांची तयारी करून आले होते."

मग पिशवीतून पितळेची एक कडी काढून दाखवलीस आणि एक स्क्रू ड्रायव्हर. केबिनच्या दाराला आतून लावायची आहे म्हणे. "बाईंनी सही करून दिलंय," मी म्हटलं. "सहीवर माझा विश्वास नाही, स्क्रूवर आहे. जहाजवाल्यांना विचारत बसू नकोस," असं म्हणालीस. तो अर्ज माझ्या हातातच राहिला होता. तू तो घेतलास, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलास, 'कारण'पाशी थांबलीस. "हे रिकामं आहे. अपुरे कागद कुठे घेत नाहीत," म्हणालीस, आणि घडी करून कडीखाली पिशवीत ठेवलास.

धाप ओसरेपर्यंत इथेच बसते, तोवर काय लिहीत होतास ते पुरं कर, असं तू सांगितलंस, म्हणून हे पुरं करतो आहे. दार सताड उघडं आहे. इथून मला तुझी पाठ दिसते, आणि तुझ्याकडे बघत उभा असलेला कोट.

आत्ता तू काहीतरी ओरडलीस. डाव्या कानाने ऐकलं, शब्द न् शब्द.

"दादा, आत येऊ का, की अजून एक कडवं बाकी आहे?"